पुदिन्याचा कप आणि पुदिन्याची कॅप्सूल

वाचकाचं पत्र

माझं वय ४४. सहा वर्षांपूर्वी तपासण्या करून डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे आतड्याच्या कामात बिघाड होणारा जुनाट त्रास, असल्याचं सांगितलं. पोटात कळ येते, गुबारा धरतो, शौचाला जाऊन आलं की थोडं बरं वाटतं. दोन महिन्यांपूर्वी नणंदेने मेसेज पाठवला, ‘पुदिना : सात आजारांवर एकच उपाय’. तेव्हापासून नाश्त्यानंतर आणि दोन्ही जेवणांनंतर एकेक कप पुदिन्याचा चहा घेते. पोट जरा शांत वाटतं, पण रात्री आडवं पडलं की छातीत जळजळतं. हे आधी नव्हतं. हिमोग्लोबिन ९.६ आहे. लोहाची गोळी नाश्ता झाल्यावर घेते, पण आकडा हलत नाही. माझ्या १९ वर्षांच्या मुलीला पीसीओडी (अंडाशयाचा, संप्रेरकांशी जोडलेला विकार) आहे, हनुवटीवर केस येतात. तिलाही हाच चहा देते. आता पेपरमिंट तेलाची छोटी बाटली आणली आहे, दोन थेंब पाण्यात टाकून घ्यावेत म्हणते. बहिणीचं आठ महिन्यांचं बाळ सर्दीने बेजार आहे, त्याच्या नाकाला ते थोडं लावलं तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे, या सगळ्यावर खरंच संशोधन झालंय की ऐकीव गोष्टी आहेत?

उत्तर

ताई, बाळाचं आधी सांगते, कारण बाकीचं दोन दिवसांनी वाचलंत तरी चालेल. लावू नका. नाकाला नको, छातीला नको, उशीवर थेंब टाकणंही नको. पेपरमिंट तेलात मेंथॉल भरपूर असतं. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ ते गेलं की स्वरयंत्र एकदम आवळलं जाऊ शकतं, श्वास अडकू शकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने हे तेल २ वर्षांखालच्या मुलांसाठी सरळ निषिद्ध ठरवलं आहे. बाळाला बालरोगतज्ज्ञांना विचारून साध्या मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब द्या. बहिणीला आत्ताच फोन करा, मग पुढे वाचा.

फोन झाला असेल तर ती बाटलीही बाजूला ठेवा. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. दोन थेंब पाण्यात टाकून प्यायलात, तर ते पातळ न होता जसेच्या तसे तोंडाला आणि अन्ननलिकेला लागणार. छातीतल्या जळजळीवर तर हा नेमका उलटा उपाय. शिवाय अशा बाटल्या बहुतेक वेळा सुगंधासाठी विकल्या जातात, पोटात घेण्यासाठी नव्हे.

आता संशोधनाबद्दल. झालंय, आणि एका साध्या पाल्यावर व्हावं त्या मानाने बरंच झालंय. पण ते वाचताना एक घोळ सतत होतो आणि तुमच्या मेसेजमध्येही तोच झालेला दिसतो. अभ्यास होतो एका जातीच्या पुदिन्याचा, एका विशिष्ट रूपात, एका विशिष्ट तक्रारीवर. मेसेजमध्ये येताना त्याचा नुसता ‘पुदिना’ होतो आणि मग तो सगळ्यांना सगळ्यावर चालतो.

आपण ज्याला पुदिना म्हणतो त्यात निदान दोन वनस्पती येतात. एक स्पिअरमिंट, दुसरी पेपरमिंट. पेपरमिंट हा स्पिअरमिंट आणि पाण्याकाठी वाढणारा एक पुदिना यांचा संकर. त्याला बी धरत नाही, फुटवे लावूनच तो वाढवावा लागतो. दोघांच्या पानांत फरक आहे तो तेलाचा. पेपरमिंटच्या तेलात मेंथॉल मुख्य, स्पिअरमिंटच्या तेलात कार्व्होन मुख्य आणि मेंथॉल नावापुरतं.

कोणता कोणता हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एक पान तोडा, दाढेखाली चावा आणि तोंडाने श्वास आत ओढा. बर्फावरून आल्यासारखा गार वारा घशाला लागला तर मेंथॉलवाला. गोडसर, हिरवा वास आला पण गारवा फारसा नाही, तर स्पिअरमिंट. देठही पाहा. स्पिअरमिंटची पानं जवळजवळ थेट दांड्याला चिकटलेली असतात, पेपरमिंटच्या पानाला छोटा का होईना देठ असतो. हे आजच करा, कारण तुमच्या मुलीचं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

मी औषधशास्त्र शिकवायची तेव्हा दोन कुप्या वर्गात फिरवायची. दोन्हींत कार्व्होनच, रेणूत अणू तेच, जोडणीही तीच, फक्त मांडणी डाव्या-उजव्या हातासारखी उलट. एका कुपीला स्पिअरमिंटचा वास, दुसरीला शहाजिऱ्याकडे झुकणारा. दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, ‘मॅडम, दुसरीत काहीतरी वेगळं भरलंय.’ एवढ्याशा फरकाने नाकाला दोन पदार्थ वाटतात, तर शरीरात दोन पुदिने एकच काम करतील असं धरून चालायचं कशाला?

तुमच्या पोटाकडे येऊ. पुदिन्याच्या बाबतीत सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो आयबीएसवरच, आणि तो आहे पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलचा. आतड्याच्या स्नायूला आखडण्यासाठी पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं. मेंथॉल ते दार अडवतं. स्नायू सैलावतो, मुरडा कमी होतो. हा गुण इतका थेट आहे की एंडोस्कोपी करताना जठराची हालचाल थांबवायला डॉक्टर मेंथॉलचं द्रावण आत फवारून पाहतात. जपानमध्ये त्यावर चांगलं काम झालं आहे.

२००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुन्या चाचण्या एकत्र करून एक आढावा आला. पेपरमिंट तेलाच्या ४ चाचण्या, मिळून ३९२ रुग्ण. तेल घेणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांची तक्रार तशीच राहिली, तुलनेसाठी दिलेल्या, आत औषध नसलेल्या बनावट कॅप्सूल घेणाऱ्यांत हाच आकडा ६५ टक्के. म्हणजे फरक डोळ्यांत भरण्यासारखा. मेसेज लिहिणाऱ्याने एवढंच वाचलं असतं तरी त्याचा उत्साह मी समजू शकले असते.

पण त्या चाचण्या छोट्या होत्या. २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने अधिक कडक नियम लावून पुन्हा पाहिलं. १८९ रुग्ण, ८ आठवडे, १८२ मिलिग्रॅम तेलाच्या कॅप्सूल. लहान आतड्यात सुटणारी कॅप्सूल घेणाऱ्यांत ४६.८ टक्के लोकांच्या पोटदुखीला ठरवलेल्या कसोटीइतका उतार पडला, बनावट कॅप्सूलवाल्यांत ३४.४ टक्के. फरक आहे, पण योगायोग नाही असं छातीठोक म्हणता येईल एवढा नाही. मुख्य कसोटीवर ती चाचणी नापास. मात्र दुखण्याची तीव्रता, अस्वस्थपणा अशा दुय्यम मोजमापांत तेलवाले बरे निघाले. त्यातही बाहेरून सारखीच दिसणारी, आत औषध नसलेली कॅप्सूल घेऊन तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांना बरं वाटलं. आयबीएसमध्ये हे नेहमीचंच आहे. त्या लोकांना लबाड किंवा भोळे समजू नका, हा आजारच तसा चढउताराचा आहे.

सगळं धरून अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत आयबीएससाठी पेपरमिंट सुचवलं आहे, पण पुरावा कमी दर्जाचा आहे हेही तिथेच लिहून टाकलंय. माझंही मत जवळपास तेच. वापरून पाहण्याजोगं औषध, चमत्कार नव्हे.

मग चहा? इथे थोडा हिशेब करू. पेपरमिंटच्या चांगल्या वाळल्या पानात तेल साधारण १ ते २ टक्के. एका कपाला दीड ग्रॅम वाळकी पानं घेतली आणि तेल १.२ टक्के धरलं, तर त्यात ०.०१८ मिलिलिटर तेल झालं. औषधी कॅप्सूलमध्ये असतं ०.२ मिलिलिटर. म्हणजे पानांतलं सगळंच्या सगळं तेल कपात उतरलं तरी एका कॅप्सूलला अकरा कप लागतात. प्रत्यक्षात त्याचा लहानसा भाग उतरतो, आणि भांडं उघडं ठेवून उकळलंत तर वाफेबरोबर तोही स्वयंपाकघरभर. घर छान दरवळतं ना, तेच ते तेल. ताजी पानं असतील तर बहुतांश वजन पाण्याचंच असतं, हिशेब आणखी खाली जातो. आयबीएसवरचे वर सांगितलेले आकडे कॅप्सूलचे आहेत, चहाचे नव्हेत.

तरी तुमचं पोट शांत वाटतं ते खोटं नाही. गरम पाणी पोटात जातं, दिवसातून तीनदा पाच मिनिटं शांत बसणं होतं, थोडं तेलही जातं. तेवढ्यापुरता कप चांगलाच आहे. त्याला औषध समजून त्याच्या भरवशावर बाकीचं सोडू नका, इतकंच.

जळजळीचं कोडंही याच गुणात आहे. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूचा एक घट्ट वळसा असतो. खाल्लेलं वर येऊ नये म्हणून तो आवळलेला राहतो. मेंथॉल आतड्याचा स्नायू सैलावतं तसा हाही सैलावतं. रात्रीच्या जेवणानंतरचा कप आणि लगेच आडवं पडणं, मग आम्ल वर येणार नाही तर काय होणार? कॅप्सूलला जठरात न विरघळणारं आवरण घालतात ते यासाठीच. रात्रीचा कप आजपासून बंद करा. आठवड्याभरात जळजळ थांबली तर कारण सापडलं. थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांच्या संमतीने कॅप्सूल घ्यायची ठरवलीत तर ती जेवणाआधी अर्धा-एक तास, अख्खी गिळायची. चावायची नाही, फोडायची नाही. आणि ज्या वेळी कॅप्सूल त्या वेळी अ‍ॅसिडिटीची गोळी किंवा औषध नको. ते आवरण आम्लात टिकतं आणि आम्ल कमी झालं की विरघळतं. अ‍ॅसिडिटीच्या औषधाने जठरातलं आम्ल मारलंत की कॅप्सूल तिथेच फुटणार आणि पुन्हा जळजळ. ही चूक फार लोक करतात, कारण दोन्ही ‘पोटाचीच’ औषधं म्हणून एका घोटात घेतात. शौचाच्या जागी आग होणं हाही कॅप्सूलचा ओळखीचा त्रास आहे; आधी सांगितलेला बरा, नाहीतर माणूस उगाच घाबरतो. रक्तदाबाच्या किंवा इतर कायमच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा, कारण काही औषधांचं रक्तातलं प्रमाण या तेलाने बदलू शकतं.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ. ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. हिमोग्लोबिन ९.६.

आधी पुदिन्याचा त्यातला वाटा. पुदिन्यात पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात. वनस्पतीजन्य अन्नातल्या लोहाला ती आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांना ब्रेडबरोबर वेगवेगळी पेयं देऊन लोह किती शोषलं जातं ते मोजलं. पेपरमिंटच्या चहाने ते ८४ टक्क्यांनी घटलं, साध्या काळ्या चहाच्या तोडीस तोड. औषधी म्हणून घेतात त्या कॅमोमाइलच्या चहाने ४७ टक्क्यांनी. गोळीत लोह पुष्कळ जास्त असतं, त्यामुळे हा टक्का गोळीला जसाच्या तसा लावू नका. पण नाश्ता, त्यावर लोहाची गोळी आणि तिच्यामागोमाग पुदिना, वर प्रत्येक जेवणानंतर आणखी एक कप, ही मांडणी लोहाच्या विरोधात मुद्दाम केल्यासारखी आहे! ‘काळा चहा सोडला, पुदिन्याचा घेते’ म्हणणाऱ्यांना तर हे ऐकून धक्काच बसतो. कप हवाच असेल तर जेवणापासून आणि गोळीपासून दोन तास लांब.

पण सगळं खापर पुदिन्यावर फोडून मोकळ्या होऊ नका. आयबीएसने रक्त कमी होत नाही. आयबीएस म्हणून शिक्का बसलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन उतरतं आणि गोळ्यांनीही चढत नाही, तेव्हा निदान पुन्हा तपासायचं असतं. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, शौचातून नकळत रक्त जातं का, गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा सीलिअ‍ॅक आजार आहे का, हे विचारा. सीलिअ‍ॅकमध्ये पोटाच्या तक्रारी हुबेहूब आयबीएससारख्या दिसू शकतात आणि लोह शोषलं जात नाही. सुरुवात एका रक्ततपासणीने होते. मात्र ती होईपर्यंत गहू सोडू नका, नाहीतर तपासणी फसवं उत्तर देते. वजन आपोआप उतरत असेल, शौचात रक्त दिसत असेल किंवा पोटदुखीने रात्री झोपेतून जाग येत असेल तर या आठवड्यातच जा. सहा वर्षांपूर्वी बाकी काही निघालं नव्हतं, हे आजच्या हिमोग्लोबिनला उत्तर होत नाही.

मुलीच्या चहाची गोष्ट मजेची आहे. तुर्कस्तानात इस्पार्ता भागातल्या एका गावात पुरुष डॉक्टरांकडे कामेच्छा कमी झाल्याची तक्रार घेऊन यायला लागले. ही मंडळी नेमाने पुदिन्याचा चहा पीत होती. तिथल्या संशोधकांनी आधी उंदरांवर पाहिलं आणि मग उलटा विचार केला, की पुरुषी संप्रेरक कमी होत असेल तर ज्या स्त्रियांत ते जास्त आहे त्यांना हा चहा द्यावा. २००७ मध्ये २१ स्त्रियांना ५ दिवस रोज दोन कप स्पिअरमिंटचा चहा दिला. रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तेच पुरुषी संप्रेरक, उतरलं. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासात पीसीओएस (पीसीओडीचंच दुसरं नाव) असलेल्या ४१ जणींनी महिनाभर एकतर स्पिअरमिंटचा किंवा कॅमोमाइलचा चहा घेतला. स्पिअरमिंटवाल्यांचं टेस्टोस्टेरॉन पुन्हा कमी झालं. ‘केस कमी झाल्यासारखे वाटतात’ असंही त्यांनी सांगितलं. पण तपासणाऱ्याने मोजून गुण दिले तेव्हा केसांत फरक नव्हता. यात आश्चर्य नाही. केसाचं चक्र महिन्यांचं असतं, एका महिन्यात हनुवटी बदलत नाही.

तेव्हा, पान चावून पाहिलंत का? पेपरमिंट निघालं तर तुमची मुलगी दोन महिने दुसराच चहा पितेय. स्पिअरमिंट असेल तर रोज दोन कप तिला आवडत असतील तर घेऊ द्या, जेवणापासून लांब. पण तिला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्यासाठी त्या बंद करू नका. आणि एक आगाऊ बोलते, रागावू नका. हा चहा तिने मागितला होता की तुम्ही देताय? १९ व्या वर्षी हनुवटीवरच्या केसांवर घरात रोज तीन कप चर्चा होणं हे केसांपेक्षा जड जातं. तिला एकटीला स्त्रीरोगतज्ज्ञांशी किंवा त्वचारोगतज्ज्ञांशी बोलू द्या.

मेसेजमधले उरलेले दावे भराभर उरकते. सर्दीत मेंथॉलने नाक मोकळं होत नाही, मोकळं झाल्यासारखं वाटतं. १९९० मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात सर्दी झालेल्या ६२ जणांना मेंथॉलची गोळी चघळायला देऊन नाकातून जाणारी हवा मोजली. हवेत फरक शून्य, ‘आता श्वास येतोय’ म्हणणारे मात्र बरेच. गारवा ओळखणारा जो संवेदक त्वचेत आणि नाकात आहे, त्यालाच मेंथॉल चेतवतं. तो २००२ मध्ये सापडला, आणि तापमान व स्पर्श ओळखणाऱ्या संवेदकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलिअस आणि आर्डेम पाटापुटिअन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. मेंदू फसतो, पण झोप लागते. मोठ्या माणसाला तेही पुष्कळ आहे. डोकेदुखीवर १९९६ च्या एका जर्मन चाचणीत कपाळाला लावलेलं १० टक्के पेपरमिंट तेलाचं द्रावण १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या जवळपास उतरलं. रुग्ण ४१ च होते, पण निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. द्रावण १० टक्क्यांचं होतं, बाटलीतलं शुद्ध तेल नव्हे, आणि डोळ्यांपासून लांब. वजन घटतं, रक्त शुद्ध होतं, कर्करोग मरतो या तिन्हींपैकी शेवटचा दावा काचेच्या नळीतल्या पेशींवरून उचललेला असतो. पहिल्या दोघांना तेवढाही आधार नाही.

आणि पेनीरॉयल नावाचा पुदिन्याचा एक भाऊबंद आहे, त्याच्या तेलाच्या वाटेला जाऊ नका. त्यातल्या प्युलेगोन या द्रव्याने यकृत निकामी होऊन माणसं दगावली आहेत. ‘नैसर्गिक पुदिना तेल’ एवढंच लिहिलेल्या बाटलीवर वनस्पतीचं पूर्ण नाव नसेल तर ती घरात ठेवण्यात अर्थ नाही.

नणंदेशी भांडू नका. आयबीएस आणि मुलीच्या चहाबाबत मेसेजमध्ये खऱ्याचा धागा होता.

कप करताना उकळलेलं पाणी पानांवर ओता, लगेच झाकण ठेवा, दहा मिनिटांनी गाळा. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेलं पाणी कपातच निथळू द्या, तेल त्यात असतं. वेळ दुपारी चारची. लोहाची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून नक्की करा, आणि पुढचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आला की आकडा कळवा.